घाटरस्त्यावरील मोटार : ब्रेक व सस्पेन्शन यांची निगा

बेळगाव-निपाणी परिसरास घाट नवे नाहीत. निपाणीच्या दक्षिणेस पुणे-बंगळूर महामार्गावर तवंदीचा घाट आहे. बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडीस आणि चोर्लामार्गे गोव्यास जाणारे रस्ते सह्याद्री उतरतात. पावसाळ्यात तेथे दाट धुके व निसरडा रस्ता, तर उसाच्या हंगामात सखल भागातही भरलेल्या ट्रॉल्यांची संथ रांग. अशा मार्गावर मोटार किती वेगाने धावते यापेक्षा ती वेळीच थांबते की नाही, यालाच अधिक महत्त्व आहे.

ब्रेक निकामी का होतात?

ब्रेक हे गतीचे रूपांतर उष्णतेत करतात. १,००० किलो वजनाची मोटार १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे तीन लिटर पाण्यास उकळी यावी इतकी ऊर्जा मुक्त होते. मोटार न्यूट्रलमध्ये सोडल्यास यातील बहुतांश भार ब्रेकवर पडतो. पॅड व लायनर अतिशय तापले की त्यांची पकड कमी होते.

ब्रेक ऑइल जुने असेल तर धोका आणखी वाढतो. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. द्रव उकळले की नळ्यांत वाफ धरते, पेडल तळाशी जाते आणि ब्रेक लागत नाहीत. यास्तव ब्रेक ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी, अथवा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, पूर्णपणे बदलावे. पातळी घटल्यास नुसती भर घालून थांबू नये. पॅड झिजले आहेत की कोठे गळती आहे, हे तपासून घ्यावे.

सस्पेन्शनचे कार्य

सस्पेन्शन केवळ बसणाऱ्यांच्या सुखासाठी असते, हा समज अपुरा आहे. चाक रस्त्यास टेकलेले ठेवणे हे त्याचे प्रमुख कार्य होय. खड्ड्यातून उसळलेले चाक अधांतरी असते तोवर त्याचा ब्रेक निरुपयोगी ठरतो.

घरच्या घरी करावयाची तपासणी

१. मोटारीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. ती वारंवार हेलकावत राहिल्यास शॉकअ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्यावेत.
२. शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ अथवा टायरवर ठिकठिकाणी असमान झीज दिसते काय, ते पाहावे.
३. ब्रेक लावताच घासल्याचा आवाज येणे, मोटार एका बाजूस ओढणे किंवा पेडल मऊ लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास मिस्त्रीकडे नेण्यास विलंब करू नये.

घाट उतरताना

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच वेग आवरून धरते. पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करणे घातक आहे. त्यामुळे ब्रेकला मिळणारे साहाय्य लवकरच संपते व पेडल जड होते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते, हेही ध्यानी ठेवावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. मालवाहू व प्रवासी वाहनांप्रमाणे तिला या काळात ठराविक मुदतीने योग्यता-प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. म्हणजेच या अवधीत तिचा खरा तपासनीस तिचा मालकच होय. आपल्या कुटुंबियांच्या आणि रस्त्याने पायी जाणाऱ्यांच्या जीविताची जाणीव ठेवून प्रत्येक मालकाने हे कर्तव्य पार पाडावे.