घर सोडलं, सही आतच राहिली

चार वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका पहाटे, मुलीचा हात आणि तिचं दप्तर धरून मी नवऱ्याचं घर सोडलं. मार खाणं त्या दिवशी संपलं. पण पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला मोबाइल वाजला: खात्यात पैसे नसल्याने गृहकर्जाचा हप्ता परत गेला होता. मी बाहेर पडले होते, माझी सही मात्र आतच होती. ती एकेका कागदावरून सोडवायला तीन वर्षं लागली. त्यातून शिकले ते सांगते.

1. जॉइंट खातं तुमचा पत्ता सांगतं.
निघाल्यावर आठ दिवसांनी मी मैत्रिणीच्या घराजवळच्या एटीएममधून दोन हजार काढले. त्याच्या फोनवर व्यवहाराची नोंद गेली, एटीएमच्या जागेसकट. दुसऱ्या संध्याकाळी तो त्याच चौकात उभा होता. म्हणून आधी दुसऱ्या बँकेत फक्त स्वतःच्या नावाचं खातं उघडा आणि पगार तिकडे वळवा. मग जुन्या बँकेत लेखी अर्ज द्या, की यापुढे दोघांच्या सहीशिवाय व्यवहार नको. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

2. घटस्फोट झाला म्हणून कर्ज सुटत नाही.
सहकर्जदार असाल तर बँक सगळी रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकते. हप्ते त्याने भरावेत असं कोर्टात ठरलं, तरी बँकेचा करार तसाच राहतो. रागाच्या भरात मी दोन हप्ते सोडून दिले आणि त्यापायी वर्षभराने मला दुचाकीचं कर्ज नाकारलं गेलं. शेवटी फ्लॅट विकूनच कर्ज फिटलं.

3. आपला क्रेडिट रिपोर्ट स्वतः बघा.
प्रत्येक क्रेडिट ब्यूरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. माझ्या रिपोर्टमध्ये एक अनोळखी कर्ज निघालं, त्यात मी जामीनदार! 'इथे सही कर' म्हटलं की कणकेचे हात पदराला पुसून मी सही करायची. त्यातलाच तो एक कागद होता.

4. सही केलेले कोरे चेक मोकळे सोडू नका.
माझे पाच चेक त्याच्या कपाटात होते. बँकेला नंबर देऊन त्यांचं पेमेंट थांबवलं, पण तेवढ्याने भागत नाही. चेक न वटल्यास कलम 138 चा खटला सही करणाऱ्यावरच होतो. म्हणून चेक परत मागणारी वकिलाची नोटीसही पाठवली.

5. स्त्रीधन मागताना लाजू नका.
आईने लग्नाच्या याद्यांचा कागद ट्रंकेत जपला होता. त्यावर मामाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाटल्या 4 तोळे, मोहनमाळ 2 तोळे'. सोबत सोनाराच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जोडले. स्त्रीधनावर पूर्ण मालकी बायकोचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात पैशाची कोंडी करणं हाही हिंसाचारच आहे, आणि दंडाधिकारी स्त्रीधन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. मला मोहनमाळ मिळाली. पाटल्या त्याने केव्हाच विकल्या होत्या.

6. पैशाचं बोलणं लेखीच करा.
रात्री अकराला फोन यायचा, 'कागदावर सही हवी, एकटी ये.' कागद हे निमित्त होतं, भेटणं हा हेतू. वकिलाच्या पत्त्यावर पाठवा म्हटल्यावर कागदही आले नाहीत आणि फोनही थांबले.

7. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका.
बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 वर फोन करा. अडचणीच्या वेळी महिला हेल्पलाइन 181 आहे.

आणि एक कळकळीचं सांगणं. मी निघाले तेव्हा एकही कागद बरोबर नव्हता. कागदांसाठी कुणीही त्या घरात एकटीने परत जाऊ नका. नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, खात्याचा उतारा बँक देते. सही उशिराही सोडवता येते. आधी तुम्ही सुटा.