वृद्धांची शुश्रूषा आणि आपली देणगी

पितृपंधरवडा आला की वृद्धाश्रमांकडे खीर-पुरीच्या पातेल्यांची रीघ लागते. वाढदिवस, पुण्यतिथी यांनाही तोच प्रकार. देणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु मधुमेही वृद्धांच्या ताटात वरचेवर गोडधोड पडावे आणि रात्रपाळीच्या सेविकेच्या वेतनासाठी मात्र व्यवस्थापकांनी वणवण करावी, ही विसंगती डोळ्याआड करता येत नाही.

आपल्याकडे या दातृत्वाची परंपरा जुनी आहे. १८६० नंतरच्या दशकात डेव्हिड ससून यांच्या दानातून पुण्यात उभे राहिलेले अनाथ-पंगुगृह ‘निवारा’ या नावाने आजही निराधार वृद्धांना आसरा देते. अशी संस्था दीड शतक टिकते ती केवळ इमारतीच्या बळावर नव्हे. रोजचा स्वयंपाक, औषधे, धुणे, आजाऱ्याची कूस बदलणारे हात, यांचा भार कोणीतरी वर्षानुवर्षे उचलावा लागतो. या खर्चाची कोनशिला बसविता येत नाही. कदाचित म्हणूनच त्यासाठी दाते दुर्मीळ.

तथापि बहुसंख्य वृद्ध आश्रमात नव्हे, घरीच असतात. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील व्यक्ती देशात १० कोटींहून अधिक होत्या. त्यांची शुश्रूषा बहुधा पत्नी, सून वा कन्या करते. २००७ च्या केंद्रीय कायद्याने आईवडिलांना निर्वाहाचा हक्क दिला; श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील निराधारांस मासिक साहाय्य मिळते. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्यांमागे रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेला एका दिवसाची उसंत कोणत्या तरतुदीतून द्यावयाची? खाजगी देणगीचे खरे क्षेत्र हे आहे. १९९२ साली स्थापन झालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेने अशा रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे चालविली आणि कुटुंबीयांना शुश्रूषेचे मार्गदर्शनही केले.

खेड्यात एवढा व्याप झेपणार नाही, हे खरे. परंतु समाजमंदिरातील एक खोली, आठवड्यातून दोन दिवस येणारी प्रशिक्षित सेविका आणि आळीपाळीने वापरावयास देता येतील अशा चाकांच्या खुर्च्या, पाण्याच्या गाद्या, एवढे लोकवर्गणीतून उभे राहू शकते.

संस्थेला देणगी देण्यापूर्वी ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, हे पाहावे व पावती अवश्य घ्यावी. आयकराची सवलत हवी असल्यास दोन हजारांहून अधिक रक्कम रोख देऊ नये. वार्षिक हिशेबही मागावा. त्यात वेतनाचा आकडा मोठा दिसल्यास दचकण्याचे कारण नाही. अंथरुणास खिळलेल्या दहा जणांना तीन पाळ्यांत सांभाळावयाचे तर माणसे लागतातच.