जहाजावरचे दुकान आणि उधारीची वही

नांदेड-लातूरच्या दुकानदाराला जहाजाशी काय देणेघेणे, असे व्यापारी बांधव विचारतील. पण उधारीवर धंदा करणाऱ्याने जहाजावरच्या दुकानाची रीत एकदा समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

लांबच्या सफरीत खलाशाला कित्येक दिवस बंदर दिसत नाही. साबण, दाढीची पाती, तंबाखू, चप्पल संपली तर घ्यायची कोठून? त्यासाठी कप्तानाच्या ताब्यात मालाची कोठी असते. तिला 'स्लॉप चेस्ट' म्हणतात. स्लॉप म्हणजे खलाशांचे तयार कपडे. ते पेटीतून विकले जात, म्हणून हे नाव. खलाशी माल नेतो, सही करतो, रक्कम पगारातून वळती होते. जेवण यात येत नाही. ते मालकाने फुकट द्यायचे, असा 2006 च्या सागरी कामगार कराराचा नियम आहे. भारताने तो 2015 साली स्वीकारला. म्हणजे लातूरची डाळ जहाजावर चढली तरी ती भटारखान्याच्या खात्यात, या दुकानात नव्हे.

खरी गोम पुढे आहे. भर समुद्रात दुसरे दुकान नाही, गिऱ्हाईक बांधलेले. कप्तानाने मनमानी भाव लावला की सफरीअखेर खलाशाच्या हाती थोडेच उरे. त्यात जहाजावर चढण्याआधी घेतलेली उचल. अमेरिकेने 1884 च्या कायद्याने दोन्हींना हात घातला. आगाऊ पगार बंद केला आणि लांबच्या सफरीवर बूट, कपडे, घोंगड्या, तंबाखू ठेवणे सक्तीचे केले. नफा किती? सफर निघाली त्या बंदरातल्या घाऊक भावावर जास्तीत जास्त 10 टक्के. भाव बंदराचा धरायचा, समुद्राचा नाही. ही अट आम्हांला फार मोलाची वाटते.

उचल हा शब्द मराठवाड्यात कोणाला शिकवायला नको. ऊसतोडीला गेलेली जोडपी फडाजवळ कोपीत राहतात. जवळ दुकान एकच आणि पैसे मुकादमामार्फत वळते होत असतील, तर त्यांची गत खलाशाचीच. अशा तळावर मीठ-मिरची, साबण, चपला नेणाऱ्या बांधवांनी वह्या दोन ठेवाव्यात, एक आपली, एक गिऱ्हाइकाची. त्याला वाचता येत नसेल तर शाळकरी पोराकडून वाचून घ्यावी. भाव आपल्या घाऊक बाजाराचा धरावा, गाडीभाडे वेगळे दाखवावे. उधारीचा जादा दर घ्यायचाच तर माल देतानाच सांगावा. हंगाम संपताना आकडा फुगवू नये. राहिले मुकादमाचे कमिशन. ते देऊच नये, या मताचे आम्ही आहोत. ते शेवटी मजुराच्याच पैशातून निघते.