झाकली मूठ वर्गात उघडावी

जून महिन्यात अंगणवाडीत नवं मूल येतं, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्याला नाव विचारत नाही. आई हात सोडवून निघते, मूल उंबऱ्यातच थबकतं. मी त्याला दाराजवळ बसू देते आणि हातात एक रंगीत ठोकळा देते. बाकीची मुलं गाणी म्हणत असतात, ते नुसतं बघत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच सरकत जवळ येतं. मग हळूच अहिराणीत विचारते, "तुनं नाव काय शे?" तेव्हा ते सांगतं. पारोळा तालुक्यात बावीस वर्षं सेविका म्हणून काम करते आहे. पहिला दिवस मुलाला कसा घाबरवतो आणि कसा सावरायचा, हे मला पाठ आहे.

तरीही पंचेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः इंग्रजीच्या वर्गात गेले, तेव्हा यातलं काहीही मला आठवलं नाही. त्या एका दिवसात माझी दोन वर्षं आणि सहा हजार रुपये गेले. माझ्या वयाच्या ज्या बाया, जे भाऊ असा वर्ग लावायचा विचार करत असतील, त्यांचं तरी असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आमचं काम पूर्वी वहीत होतं. दंडघेराची पट्टी बाळाच्या दंडाला लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळं, त्यावर हिरवं. लाल म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), पिवळं म्हणजे मॅम (मध्यम कुपोषण), अशी नोंद मी डोळे मिटूनही केली असती. मग काम मोबाईलवर आलं आणि पडद्यावरचे शब्द इंग्रजी झाले. मी अक्षर अक्षर जोडून वाचायची, पण कुठे बोट टेकवलं की काय होईल, याची धास्ती असायची. रात्री मुलगी माहिती भरून द्यायची. तिला पहिलीपासून इंग्रजी होतं. राज्यातल्या मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीला इंग्रजी आलं. आमच्या वेळी ते पाचवीत भेटायचं, आणि दहावीनंतर माझा त्याच्याशी संबंध सुटला तो सुटलाच. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि फोन माझ्या एकटीच्या हातात राहिला. तेव्हा ठरवलं, आता शिकायचं.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात धुळ्यातल्या एका क्लासची पाटी दिसली, 'नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी'. क्लासचं नाव सांगत नाही. जे झालं त्यात त्यांच्यापेक्षा माझ्या लपवालपवीचा वाटा मोठा होता. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "ताई, बेसिकला बसणार की पुढच्या बॅचला?" माझ्या मागे आमच्याच गावाकडच्या दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. सेविकाबाईंना साधं इंग्रजी येत नाही, असं गावात व्हायला नको, एवढंच डोक्यात आलं. मी म्हटलं, "येतं थोडंफार." तिने मला पुढच्या बॅचमध्ये घातलं. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलांची ती बॅच होती. सहा हजार एकरकमी भरले. पावती न वाचताच पिशवीत टाकली.

रविवारचा वर्ग होता. आधीचे आठ दिवस मी स्वतःची ओळख पाठ करत होते. मुलीने फोनवर म्हणून पाठवली होती, ती भाकरी थापताना ऐकायची. पारोळ्याच्या स्टँडवरून बस सुटली तेव्हाही ओठांत तेच चाललं होतं. वर्गात सगळी पोरं माझ्या मुलीच्या वयाची. एकेकाने पुढे जाऊन ओळख सांगायची होती. माझी पाळी आली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, काम सांगितलं. सगळं बरोबर आलं. सर खूश झाले आणि म्हणाले, "टेल अस समथिंग अबाउट पारोळा."

प्रश्न मला कळला होता. पारोळ्याबद्दल सांगायला माझ्याजवळ काय कमी होतं? १७२७ सालचा किल्ला, झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याशी गावाचं सांगितलं जाणारं नातं, बालाजीचं मंदिर, कापसाचं शिवार. सगळं एकदम घशाशी आलं, आणि आलं ते अहिराणीत. बराच वेळ उभी राहून शेवटी म्हटलं, "पारोळा इज फोर्ट." मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सरांनी मला बसायला सांगितलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. त्यानंतरच्या दीड तासात त्या वर्गात काय शिकवलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी स्टँडपर्यंत गेले. धुळ्याची बस लागली, भरली, गेली. मी बाकावरच बसून राहिले. घरी सांगितलं, आज वर्ग नव्हता. महिन्याभराने पैसे मागायला फोन केला, तेव्हा त्यांनी पावती वाचायला सांगितली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, भरलेली फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, शेजारच्या टेलरकाम करणाऱ्या ताईंनी मला ओढूनच दुसऱ्या वर्गाला नेलं. पारोळ्यातल्याच एक निवृत्त शिक्षिका संध्याकाळी आपल्या ओट्यावर शिकवत होत्या. आम्ही सहा जणी होतो आणि एकही पस्तिशीच्या आतली नव्हती. बाईंनी कोणालाच उभं केलं नाही. कोरा कागद दिला आणि सांगितलं, सकाळपासून आतापर्यंत जेवढे इंग्रजी शब्द तोंडून गेले, तेवढे आपल्या अक्षरात लिहा. मी लिहीत गेले. गॅस, कुकर, स्टँड, तिकीट, चार्जिंग, रजिस्टर, मीटिंग, बीट, रिपोर्ट, डोस, सॅम, मॅम. कागद पुरला नाही. बाईंनी मोजले आणि म्हणाल्या, "माय, तुले ते साठ शब्द पहिलेच येतस!" अंगणवाडीतला रंगीत ठोकळा त्या दिवशी कोणीतरी माझ्या हातात ठेवला होता.

मी त्यांना धुळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी फळ्यावर 'पारोळाले किल्ला शे' असं लिहिलं. म्हणाल्या, आपल्याकडे एकच 'शे', एकच 'आहे' दोन कामं करतो. 'पारोळा तालुक्याचं गाव आहे' यातही आहे, आणि 'पारोळ्याला किल्ला आहे' यातही आहे. इंग्रजीत ही दोन कामं दोन शब्दांकडे वाटून दिलेली आहेत. गाव कोण, हे सांगायचं तर 'इज'. गावाजवळ काय, हे सांगायचं तर 'हॅज'. मला दोन मुली आहेत, हे सांगताना आपली माणसं 'आय अॅम टू डॉटर्स' म्हणून जातात, ते याचमुळे. ती चूक अडाणीपणाची नाही, आपल्या भाषेच्या वळणाची आहे. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीचं कर्त्यानंतर लगेच. मनातलं मराठी वाक्य पुरं होईपर्यंत थांबलं की तोंड अडकतं. दोन वर्षं गळ्यात बसलेली गाठ दहा मिनिटांत सैल झाली.

घरी येताना आणखी एक आठवलं. मी पहिलीत गेले तेव्हा मला मराठीसुद्धा येत नव्हतं. घरात अहिराणीच होती. 'मना', 'तुना' म्हटलं की वर्गात हसायचे. तरी मराठी आलंच की, आणि आज मी त्याच मराठीत लिहिते आहे. खानदेशातल्या आमच्यासारख्या माणसांनी एका भाषेतून दुसरीत जायची वाट लहानपणीच चालून पाहिलेली असते. इंग्रजी ही तशीच पुढची वाट आहे.

या दोन पहिल्या दिवसांतून जे हाती आलं, ते सांगते.

खरी पायरी सांगा. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण व्यवहारात चालत असेल, भाषेच्या वर्गात ती बुडवते. मूठ झाकली तर शिकवणाऱ्याला कळत नाही की आत काय नाही. नाव घालतानाच स्पष्ट बोला, "अक्षरं येतात, हळूहळू वाचता येतं, बोलता येत नाही. दहावी होऊन एवढी वर्षं झाली." मी हे एक वाक्य बोलले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. मागे कोण उभं आहे ते पाहू नका.

आधी एक तास बसून बघा, मग पैसे द्या. वर्गात किती जण आहेत, कोणत्या वयाचे आहेत, चुकल्यावर शिकवणारा काय करतो, हे तासाभरात दिसतं. बसू देत नसतील तर दुसरीकडे पाहा. फी महिन्याची भरा. एकरकमीच मागत असतील तर मध्येच सोडावं लागलं तर काय, हे विचारा आणि लिहून घ्या. पावतीची सगळ्यात खालची ओळ सगळ्यात आधी वाचा.

आपल्या वयाची सोबत शोधा. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ती सुरू केली. सगळ्या आज्या एकसारख्या गुलाबी लुगड्यात, पाठीवर दप्तर घेऊन जायच्या. तिथे कोणती आजी कोणत्या आजीला हसणार? शेजारची बाईही आपल्यासारखीच अडखळते आहे हे दिसलं की जीभ मोकळी होते. सोबत मिळत नसेल तर गल्लीतल्या चार जणी मिळून एखाद्या निवृत्त शिक्षिकेला विनंती करा. आमचा वर्ग असाच उभा राहिला होता.

ओळख पाठ करून जाऊ नका. पाठ केलेलं संपलं की पायाखाली काही उरत नाही. त्याऐवजी अडल्यावर उपयोगी पडतील अशी तीन वाक्यं घेऊन जा. "आय डोन्ट नो." "प्लीज से इट अगेन." "प्लीज स्पीक स्लोली." ही तीन वाक्यं जवळ असतील तर माणूस वर्गात उभा राहू शकतो. त्या दिवशी यातलं पहिलं जरी मला म्हणता आलं असतं, तरी मी पुढच्या रविवारी बसमध्ये चढले असते.

एक काम ठरवा. 'फाडफाड बोलणं' हे काम नव्हे. मला माझ्या फोनचा पडदा वाचायचा होता. कोणाला बँकेची स्लिप भरायची असेल, कोणाला दवाखान्याचा कागद समजून घ्यायचा असेल, कोणाला नातवाच्या शाळेतल्या मीटिंगला जायचं असेल. ते काम पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याला सांगा. आमच्या बाईंनी माझ्या फोनवरचेच शब्द पहिल्या महिन्यात शिकवले. गौरी शिंदे यांच्या २०१२ सालच्या 'इंग्लिश विंग्लिश' या चित्रपटात लाडू करणारी शशी चार आठवड्यांच्या वर्गातून बोलायला शिकते. तिची हिंमत घ्यावी, चार आठवडे घेऊ नयेत. मला पडदा नीट वाचता यायला पाच महिने लागले, आणि रोज अर्धा तास वही काढावी लागली.

घरात आधी बोला. वर्गाच्या दिवशी भाकरी कोण टाकणार, म्हातारीचं औषध कोण देणार, हे नक्की नसेल तर बाईचं लक्ष वर्गात नसतं, चुलीवर असतं. मी पहिल्या वेळी घरात खोटं बोलले, म्हणून कोणी मला परत जा म्हणू शकलं नाही. दुसऱ्या वेळी सगळं सांगितलं. एखाद्या दिवशी कंटाळा केला तर घरचेच आठवण करायचे.

दुसऱ्या दिवसाची सोय पहिल्याच दिवशी करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिला दिवस वाईट गेला तर बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या वेळी पाय निघत नाही म्हणून. वर्ग सुटल्यावर कोणा एकीला सांगून ठेवा, "परवा मला हाक मारून जा." माझ्या दारात त्या टेलरताई उभ्या राहायच्या, म्हणून मी जात राहिले.

मोठ्या माणसांना शिकवणाऱ्यांनाही हात जोडून सांगते. तुमच्यासमोर बसलेली बाई घरात, गावात, कामावर दहा जणांना शहाणपण सांगणारी असते. पहिल्या दिवशी तिला एकटीला फळ्याजवळ उभं करू नका. तिला काय येतं, ते आधी तिच्याकडून काढून घ्या. नाव दोन दिवस उशिरा विचारलं तर काही अडत नाही.

आता नोंदी मी स्वतः भरते. बोलताना काळ चुकतात, एखादा शब्द आठवत नाही, तेव्हा थांबते, विचारते आणि पुढे जाते. यंदा जूनमध्ये एक नवी आई मुलाला सोडायला आली. मूल रडणं थांबवून ठोकळ्याशी खेळायला लागलं, तरी ती दाराशीच उभी होती. माझ्या हातातल्या फोनकडे बघत हळूच म्हणाली, मलाही हे शिकता येईल का, पण मला काहीच येत नाही. मी तिला म्हटलं, "सकाय संध्याकायले ये. मना जोडे बस." आणि बाईंकडे गेल्यावर मूठ झाकू नकोस, हेही सांगितलं.