विद्युत्-नृत्यसंगीतातील सुरावट आणि स्वरसंघ

अमेरिकेतील शिकागो शहराच्या नृत्यगृहांत १९८० नंतरच्या दशकात ‘हाऊस’ हा संगीतप्रकार उदयास आला. सिंथेसायझर व तालयंत्रे यांवर उभ्या राहिलेल्या ह्या संगीताच्या शाखा पुढे जगभर पसरल्या. ते ऐकताना ‘यात नुसते ठोके आहेत, सुरावट कोठे आहे?’ असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर आपल्या पेटीवरही शोधता येते.

एकाच वेळी वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांच्या समूहास ‘कॉर्ड’, म्हणजे स्वरसंघ, म्हणतात. पांढरी एक हा षड्ज धरून चार संघ क्रमाने वाजवावेत : ध-सा-ग, म-ध-सा, सा-ग-प आणि प-नी-रे. आता उजव्या हाताने तार षड्ज अखंड धरून डाव्या हाताने हे संघ बदलावेत. पहिल्या तिन्ही संघांत ‘सा’ असल्यामुळे तो तेथे विसावतो. चौथ्यात तो नसतो. निषादाशी त्याचे घर्षण होते आणि मनास सुटकेची ओढ लागते. तोच स्वर ‘नी’वर उतरविताच ती ओढ शमते. आधार बदलला की स्वराचा भाव बदलतो, तो असा.

नृत्यसंगीतात असे चार संघ पुनःपुन्हा येतात. लय मिनिटास १२८ मात्रांची असून प्रत्येक संघास ४ मात्रा दिल्यास एक आवर्तन १६ मात्रांचे, म्हणजे साडेसात सेकंदांचे होते. एवढीशी मालिका पाच मिनिटे ऐकूनही कंटाळा का येत नाही? ह्याचे कारण रचनेच्या विभागांत आहे. ‘ब्रेकडाउन’ ह्या विभागात ठोके थांबतात, संघ दीर्घ होतात आणि सुरावट सावकाश उलगडते. ‘बिल्ड-अप’मध्ये आघात दाट होत जातात, पुष्कळदा खर्ज काढून घेतला जातो व संघ अधांतरी राहतात. ‘ड्रॉप’मध्ये खर्ज व ठोके एकदम परततात, तिहाईनंतर सम गाठावी तसा आनंद तेथे होतो. त्याच सुरावटीचा एखादा लहान तुकडा तेथे घोळविला जातो. संघ पूर्वीचेच असले म्हणजे कानास ओळख पटते. कधी सुरावट तीच ठेवून संघ बदलतात, तर कधी ह्याच्या उलट करतात. दोन्ही एकदम बदलल्यास मात्र श्रोत्याचा धागा तुटण्याचा संभव असतो.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली अशाच यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. रागसंगीतात संघांची मालिका नसते; षड्ज अचल राहतो आणि सारी हालचाल सुरावटीस करावी लागते. एका पद्धतीत पाया हलतो, दुसऱ्या पद्धतीत तो स्थिर असतो. हा भेद ध्यानी घेऊन ऐकल्यास दोन्ही संगीतांचा आस्वाद अधिक डोळसपणे घेता येईल.