लवकर येणारं टमाटर

शेंदूरजनाघाट,
३ ऑगस्ट

चि. मुक्ता,

पत्र मिळालं. शाळेच्या परसबागेत टमाटर लावायचं ठरलं, मुलांनी वाफेही खणले, आणि आता "मामा, सगळ्यात लवकर पिकणारं वाण सांगा" असा तुझा हुकूम. प्रश्न पाठवलास तो मात्र संत्र्याच्या कलमांच्या गावात! आमच्याकडे आधी जंभेरीचं बी टाकायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरायचा, आणि कलम नेणाऱ्यानं पुढे पाचेक वर्षं बहाराची वाट पाहायची. इथे दिवस मोजायची कोणाला सवय नाही. पण चौथीतलं पोर तोवर नववीत जाईल, त्यामुळे तुझी घाई मला मान्य आहे.

फक्त वाणाचं नाव विचारण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघ. पाकिटावर ६० दिवस लिहिलेलं असतं ते रोप लावल्यापासूनचे, बी टाकल्यापासूनचे नव्हे. रोप तयार व्हायचे २५-३० दिवस त्यात धरलेले नसतात. आता या आठवड्यात बी टाकलंस तर सप्टेंबरच्या सुरुवातीला रोप वाफ्यात जाईल, ऑक्टोबरात फुलेल आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पहिलं फळ रंग धरेल. नेमकी तिथेच दिवाळीची सुट्टी येते. एखाद्या वर्षी ती ऑक्टोबरातच उरकते, एखाद्या वर्षी नोव्हेंबरात सरकते. सुट्टीत वाफ्याला पाणी कोण घालणार, हे आजच ठरव. शाळेजवळ राहणाऱ्या चार पोरांच्या पाळ्या लावल्या की झालं. तहानलेल्या झाडाला सुट्टीनंतर एकदम भरपूर पाणी दिलं तर पिकायला आलेली फळं देठाशी तडकतात. पाणी कधी आहे कधी नाही असं चाललं तर बूड काळं पडतं. त्याला रोग समजून कोणी फवारा आणून देईल. घेऊ नकोस.

लवकरचं वाण का हवं, याचं खरं कारण मला डिसेंबरात दिसतं. आपल्याकडे रात्री गार झाल्या की आंबिया बहाराच्या संत्र्याला रंग चढतो, आम्ही त्या थंडीची वाटच पाहतो. टमाटराचं उलट. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की फूल लागूनही फळ नीट धरत नाही, आणि धरलेलं हिरवंच लटकत राहतं. मार्चनंतर दुसरं टोक. दिवसा ३५ अंशांच्या वर फुलं गळतात, आणि ३०च्या वर राहिलं की फळ लाल व्हायचं सोडून पिवळट-नारिंगी होतं. या दोन टोकांच्या मधे तुझी शाळा भरते. उशिरा येणारं वाण लावलंस तर मुलं जानेवारीपर्यंत हिरव्या गोट्यांकडे पाहत बसतील.

आता नावं. पुसा रुबी जुनं आणि सरळ वाण आहे, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं. लावणीनंतर साधारण दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. फळ चपटं, सालीला पातळ, चवीला आंबट, म्हणजे आपल्या चटणीच्या गावठी टमाटरासारखंच, भेदरासारखंच. पण ते वाढतच जातं, त्याला आधार लागतो. पुसा अर्ली ड्वार्फही तिथलंच. ते बुटकं राहतं, थोड्या उंचीवर थांबतं आणि फळं थोड्या दिवसांत बरीचशी एकदम देतं. तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाताला येईल असं झाड तेच. माझं मत विचारशील तर दोन वाफे अर्ली ड्वार्फचे आणि कडेला तीन-चार झाडं चेरी टमाटराची. चेरीचं फळ लहान, म्हणून मोठ्यांच्या आधी पिकतं आणि मुलांचा धीर सुटत नाही. बंगळुरूच्या संस्थेचं अर्का रक्षक तीन रोगांना दाद देत नाही, शेतकऱ्यानं जरूर लावावं. पण ते संकरित आहे. त्याचं बी धरून पुढल्या वर्षी लावलं तर तसंच झाड येईल याचा भरवसा नाही. परदेशी "अर्ली गर्ल"चंही तेच.

सरळ वाणाचा मी एवढा हट्ट धरतो तो या बियांसाठी. चांगल्या झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ कापून गर वाटीत काढा, दोन-तीन दिवस तसाच आंबू द्या. वर्गात वास येईल, येऊ दे. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, चांगलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. धुऊन सावलीत वाळवा आणि पाकिटावर मुलांच्याच अक्षरात वाण, साल लिहून ठेवा. पुढच्या चौथीला बी विकत आणावं लागणार नाही.

तुमच्या शाळेभोवती कपाशी आहे, म्हणजे पांढरी माशी येणारच. तीच पानं मुरडणारा विषाणू आणते. रोपं लहान असताना वाफ्यावर बारीक जाळी हवीच, नंतर पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क. मुलं जिथे हात घालतात तिथे कीटकनाशक नको. कडेने झेंडू लाव. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी आधी त्या फुलांकडे वळते, शिवाय दसऱ्याला तोरण होतं. रोप काळ्या जमिनीत सपाट लावू नकोस, गादीवाफा कर. आधाराला तुराट्या-पऱ्हाट्या गावात मागशील तेवढ्या मिळतील.

आणखी एक. संत्रं तोडलं की जसं आहे तसंच राहतं. टमाटर तोडल्यावरही पिकतं. बुडाशी गुलाबी डाग दिसला की तोडून कागदात गुंडाळून वर्गातल्या खोक्यात ठेव, दोन-चार दिवसांत लाल होईल. तसे काही दिवस वाचतात आणि पाखरंही नुकसान करत नाहीत. पोषण आहाराच्या वरणात ते पडावं हे तुझं म्हणणं चांगलं आहे, पण रोपामागे किलो-दीड किलोच्या वर हिशोब धरू नकोस. स्वयंपाकवाल्या ताईंना आधीच फार मोठं आश्वासन देऊ नको.

बियाण्यासाठी घातखेडच्या किंवा दुर्गापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार, नाहीतर अकोल्याला विद्यापीठात. जाळीचा तुकडा माझ्या नर्सरीत पडलेला आहे. वाफ्याची लांबी-रुंदी कळव, कापून ठेवतो. रविवारी कोणाला तरी पाठव, मी सकाळी दहापर्यंत नर्सरीतच असतो.

तुझा,
मामा