बोलीला प्रतिष्ठा देणारा कथाकार : सॅम सेल्व्हन

प्रास्ताविक

घरात, शेतावर किंवा बाजारात आपण जी भाषा बोलतो, ती पुस्तकातील भाषेहून काहीशी निराळी असते. आपली बोली 'अशुद्ध' आहे असे समजून पुष्कळजण चारचौघांत बोलताना संकोचतात. अशाच एका बोलीतून श्रेष्ठ साहित्य निर्माण करणाऱ्या, भारतीय वंशाच्या कॅरिबियन कथाकाराचा परिचय या पाठात करून घेऊ.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण –
• सेल्व्हन यांच्या जीवनातील ठळक घटना सांगू शकाल;
• त्यांच्या दोन कथांचा आशय स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल;
• साहित्यातील बोलीचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

१. ऊसमळ्यांचे बेट

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचे त्रिनिदाद हे बेट १९६२ पर्यंत ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. १८३० नंतरच्या दशकात तेथील गुलामगिरी संपुष्टात आली आणि मळेवाल्यांना मजुरांची वाण भासू लागली. तेव्हा त्यांनी आपली दृष्टी भारताकडे वळवली. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय स्त्रीपुरुष करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेले. यांनाच 'गिरमिटिया' म्हणतात. त्यांतील बहुसंख्य तेथेच स्थायिक झाले. आफ्रिकी, भारतीय, युरोपीय व चिनी लोकांच्या या भूमीत इंग्रजीचे एक वेगळे रूप बोलले जाऊ लागले. या बोलीला 'क्रिओल' असे नाव आहे.

२. जडणघडण

सॅम्युएल सेल्व्हन यांचा जन्म २० मे १९२३ रोजी त्रिनिदादमधील सॅन फर्नांडो या गावी झाला. त्यांचे वडील मद्रासकडचे होते, तर आईचे वडील स्कॉटिश होते. वयाच्या पंधराव्या वर्षी सेल्व्हन यांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. १९४० ते १९४५ या युद्धकाळात त्यांनी नौदलाच्या राखीव दलात बिनतारी संदेशवाहकाचे काम केले. याच काळात ते लिहू लागले. पुढे 'त्रिनिदाद गार्डियन' या वृत्तपत्रात त्यांनी बातमीदारी केली.

१९५० साली ते लंडनला गेले. तेथे भारतीय उच्चायुक्तालयात कारकुनी करता करता त्यांचे लेखन चालू होते. बीबीसीच्या 'कॅरिबियन व्हॉइसेस' या कार्यक्रमातून त्यांच्या कथा प्रसारित झाल्या. १९५२ साली 'अ ब्रायटर सन' ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक टायगर हा निरक्षर तरुण लग्नानंतर, संसाराची जबाबदारी सांभाळत, जिद्दीने लिहायला-वाचायला शिकतो.

३. दोन कथा

'वेज ऑफ सनलाइट' हा त्यांचा कथासंग्रह १९५७ साली प्रकाशित झाला. त्यातील काही कथा त्रिनिदादमध्ये घडतात, तर काही लंडनमध्ये.

'केन इज बिटर' म्हणजे 'कडू ऊस' ही ऊसतोडणी करणाऱ्या भारतीय कुटुंबाची कथा आहे. शहरात शिकणारा रोमेश घरी परततो. मुलगा आता परका होत चालला, या भीतीने आईवडील त्याचे लग्न ठरवतात. रोमेशचे मायबापांवर प्रेम आहे. परंतु त्यांचे जगणे त्याला आता स्वीकारता येत नाही. शिक्षण नवी वाट दाखवते, पण तिच्यासाठी द्यावी लागणारी किंमतही मोठी असते, हे या कथेतून जाणवते. सेल्व्हन कोणालाच दोषी ठरवत नाहीत.

'ब्रॅकली अँड द बेड' ही कथा मात्र खुसखुशीत आहे. टीनापासून पळून लंडनला आलेल्या ब्रॅकलीच्या खोलीत टीनाच येऊन दाखल होते आणि त्याचा पलंग बळकावते. जमिनीवर झोपून बेजार झालेला ब्रॅकली पलंगासाठी तिच्याशी लग्न करतो. तोच टीनाची मावशी येते, पलंगावर तिची सोय होते आणि नवरदेव पुन्हा जमिनीवर! हसता हसता परमुलखातील एका खोलीत, थंडीत दिवस कंठणाऱ्या स्थलांतरितांची ओढाताणही वाचकाला दिसते.

४. निवेदनाची भाषा

त्यापूर्वी बहुतेक लेखक पात्रांच्या संवादांपुरती बोली वापरत. निवेदन मात्र प्रमाण इंग्रजीत करत. त्यामुळे पात्रे खालच्या पायरीवर आणि लेखक वरच्या पायरीवर असे चित्र उभे राही. 'द लोन्ली लंडनर्स' ही कादंबरी सेल्व्हन यांनी आरंभी प्रमाण इंग्रजीत लिहू पाहिली, पण लेखन पुढे सरकेना. निवेदनासाठी त्रिनिदादची बोली योजताच ते ओघाने उतरू लागले. १९५६ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली. या बोलीला त्यांनी इतर वाचकांनाही समजेल असा घाट दिला होता. साधेपणामागे असे परिश्रम होते.

१९७८ साली सेल्व्हन कॅनडात गेले. तेथील कॅलगरी विद्यापीठात त्यांनी काही महिने सफाई कामगार म्हणून काम केले. नंतर त्याच विद्यापीठाने त्यांना निवासी लेखकाचे पद दिले. शाळा अर्धवट सुटलेल्या या लेखकाला वेस्ट इंडीज आणि वॉरिक या विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. १६ एप्रिल १९९४ रोजी त्रिनिदादमध्येच त्यांचे निधन झाले. प्रमाण भाषा आपण शिकावी, ती उपयोगाची आहेच; परंतु त्यासाठी आपल्या बोलीची लाज बाळगण्याचे कारण नाही, हे सेल्व्हन यांच्या लेखनातून उमगते.

शब्दार्थ

वाण – उणीव. निवेदन – कथा सांगण्याची रीत. घाट – आकार. स्थलांतरित – एक ठिकाण सोडून दुसरीकडे राहायला गेलेले लोक

स्वाध्याय

१. भारतीय मजूर त्रिनिदादला का नेले गेले?
२. 'कडू ऊस' या शीर्षकाची समर्पकता सांगा.
३. आपल्या परिसरातील एखादा प्रसंग आपल्या बोलीत दहा ओळींत लिहा.